दूध मापावं की तोलावं: मिलिलिटर आणि ग्रॅम यांचा हिशोब

कृतीत ‘२५० मिली दूध’ लिहिलेलं असतं आणि ओट्यावर असतो वजनकाटा. कधी नेमकं उलट होतं, कृती ग्रॅममध्ये असते आणि हाताशी फक्त मापाचा जग. अशा वेळी आपण बहुधा मिली म्हणजेच ग्रॅम असं धरून पुढे जातो. पाण्याला ते चालतं, कारण ग्रॅम हे एककच मुळात पाण्यावरून ठरलं. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये दशमान पद्धतीचा कायदा झाला, तेव्हा बर्फ वितळतो त्या तापमानाच्या एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम, अशी व्याख्या केली गेली. दूध मात्र पाण्याहून किंचित जड असतं. एक लिटर दूध तोललं, की भांड्याचं वजन सोडून साधारण १०३० ग्रॅम भरतं, म्हणजे एका मिलीला १.०३ ग्रॅम.

हा १.०३ चा आकडा लक्षात ठेवला, की आकडेमोडीचा भाग संपला. त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आपला कप, आपला जग आणि आपला काटा बरोबर माप देतात का, हे तपासणं. मिलीला ग्रॅम धरलं तर चूक ३ टक्क्यांची होते. जगावरच्या रेघा चुकीच्या असतील तर ती सहज ५-६ टक्क्यांवर जाते, आणि आपण आयुष्यभर दोष कृतीला देत राहतो.

हिशोब

मिलीचे ग्रॅम करायचे असतील तर १.०३ ने गुणा. ग्रॅमचे मिली करायचे असतील तर १.०३ ने भागा. तोंडी करायचं असेल तर दर शेकड्याला ३ मिळवा किंवा ३ वजा करा; स्वयंपाकासाठी तेवढं पुरतं. २०० मिलीचे २०६ ग्रॅम, ५०० मिलीचे ५१५ ग्रॅम. उलट दिशेने ५०० ग्रॅमचे ४८५ मिली आणि एक किलोचे ९७१ मिली.

नेहमी लागणारी मापं मी फळीच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहेत. तीच इथे देते:

१ टीस्पून (५ मिली): ५ ग्रॅम
१ टेबलस्पून (१५ मिली): १५.५ ग्रॅम
६० मिली: ६२ ग्रॅम
१०० मिली: १०३ ग्रॅम
१२५ मिली: १२९ ग्रॅम
२०० मिली: २०६ ग्रॅम
२५० मिली: २५७.५ ग्रॅम
७५० मिली: ७७२.५ ग्रॅम
१ लिटर: १०३० ग्रॅम

चमच्याच्या मापात फरक एवढा बारीक आहे, की तिथे आकडेमोड करत बसू नका. उलट एक-दोन चमचे दूध काट्यावर तोलणं हीच चूक ठरते. साधा काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो, म्हणजे ५ ग्रॅममध्ये त्याची अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा दहा टक्के झाली. चमच्याचं दूध चमच्यानेच घ्यावं.

दाट दूध जड असतं का?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि उत्तर थोडं अनपेक्षित आहे. दुधात पाणी साधारण ८७ टक्के असतं. बाकीच्या घटकांपैकी स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, त्याची घनता, म्हणजे एका मिलीचं ग्रॅममधलं वजन, ०.९३ च्या आसपास. म्हणून तर साय वर येते. दुधातली साखर, प्रथिनं आणि क्षार मात्र पाण्यापेक्षा पुष्कळ जड. दुधाचं वजन या दोन्हींच्या ओढाताणीतून ठरतं.

त्यामुळे साय काढलेलं, पाण्यासारखं पातळ दिसणारं दूध साईसकट दुधापेक्षा किंचित जड भरतं: त्याची घनता १.०३३ ते १.०३५, आणि साईसकट दुधाची १.०३ च्या आसपास. म्हशीचं दूध डोळ्यांना एवढं दाट दिसतं, पण त्यात स्निग्धांश जास्त तसेच जड घटकही जास्त, म्हणून काट्यावर ते गाईच्या दुधाच्या अगदी जवळ येतं. व्यवहारात याचा अर्थ असा, की पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, १.०३ चालतं. अर्धा लिटर स्निग्धांश काढलेलं दूध ५१७ ग्रॅम आणि साईसकट ५१५ ग्रॅम. या दोन ग्रॅमसाठी वेगळा तक्ता ठेवण्याची काही गरज नाही.

दुधात पाणी मिसळलं की घनता उतरते आणि साय काढली की चढते. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो; त्यावर ३० दिसलं म्हणजे घनता १.०३०. पण कोणी साय काढून घेऊन वर पाणी घातलं, तर दोन्ही बदल एकमेकांना झाकतात आणि आकडा ठीक दिसतो. म्हणून नुसत्या वजनावरून दुधाचा कस ठरवता येत नाही.

पायरी १: कृतीतला कप कुठला, ते ओळखा

‘दोन कप दूध’ वाचलं की आधी कृती कुठली आहे ते बघा. अमेरिकी कप २३६.६ मिलीचा, त्यात दूध २४४ ग्रॅम मावतं. तिथे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरचा कप मात्र २४० मिलीचा धरतात, म्हणजे २४७ ग्रॅम. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलीचा, त्यात २५७.५ ग्रॅम. जपानी कप २०० मिलीचा, त्यात २०६ ग्रॅम. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला कप अर्ध्या पाइंटचा, म्हणजे २८४ मिली आणि २९३ ग्रॅम.

तीन कप दुधाच्या कृतीत अमेरिकी कप आणि २५० मिलीचा कप यांत ४० ग्रॅमचा फरक पडतो. सैलसर केकच्या मिश्रणात एवढं दूध जास्त पडलं, तर मधला भाग शिजता शिजत नाही. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पूनही वेगळा आहे, १५ ऐवजी २० मिलीचा.

औंस त्याहून फसवा, कारण तो वजनाचाही असतो आणि मापाचाही. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम. मापाचा, म्हणजे फ्लुइड औंस, अमेरिकेत २९.५७ मिली आणि ब्रिटनमध्ये २८.४१ मिली. कृतीत ‘८ औंस दूध’ असेल आणि ते मापाचे औंस असतील, तर अमेरिकी हिशोबाने २४४ ग्रॅम होतात. वजनाचे असतील तर २२७. बाकी साहित्याकडे बघून अंदाज बांधा. मैदा आणि साखर कपात दिली असेल तर दुधाचा औंस मापाचा असण्याची शक्यता जास्त. सगळंच औंसात असेल तर तो बहुधा वजनाचा. पाइंटचं तसंच: अमेरिकी पाइंट ४७३ मिली, ब्रिटिश ५६८ मिली.

पायरी २: जग पाण्याने तपासा

ही पायरी सगळेच गाळतात. मीही बरीच वर्षं गाळत होते.

माझ्याकडे एक पारदर्शक प्लास्टिकचा जग होता, लाल रेघांचा. त्याने दूध मापून केलेलं कस्टर्ड कायम घट्ट व्हायचं, सुरी लावली की तडकायचं. मी आच कमी केली, अंडी बदलली, कॉर्नफ्लोअर कमी केलं. शेवटी एक दिवस तोच जग काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि ५०० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं. काट्याने ४७२ दाखवलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेवढंच. म्हणजे दर अर्ध्या लिटरला जवळपास दोन टेबलस्पून दूध कमी पडत होतं, आणि मी इतके दिवस अंड्यांशी झगडत होते.

तपासायची रीत अशी. जग कोरडा करून काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. जग काट्यावरून उचलून सपाट ओट्यावर ठेवा, खोलीच्या तापमानाचं पाणी भरा आणि डोळे रेघेच्या पातळीला आणून बघा. पाण्याचा पृष्ठभाग काचेलगत थोडा वर चढलेला असतो. मधली, खालची पातळी रेघेला टेकली पाहिजे. उभ्याने वरून पाहिलं तर रेघ हमखास चुकते. मग जग परत काट्यावर. ५०० मिली पाणी ४९९ ग्रॅम भरायला हवं. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे असतील तर जग चांगला आहे. पंधरा-वीस ग्रॅमचा फरक असेल, तर खऱ्या पातळीवर कायमच्या शाईच्या पेनाने नवी रेघ ओढा. २५० च्या रेघेचीही अशीच परीक्षा घ्या, कारण एक रेघ बरोबर म्हणून दुसरी बरोबर असेलच असं नाही.

आता काटाच चुकीचा असेल तर? दोन-तीन सीलबंद पाकिटं तोलून बघा. छापलेल्या निव्वळ वजनात पाकिटाचं स्वतःचं वजन मिळवलं, की आकडा जुळायला हवा. सगळी पाकिटं एकाच दिशेने सारखी चुकत असतील तर आधी काट्याची बॅटरी बदला.

पायरी ३: काट्यावर दूध घ्या

ज्या भांड्यात दूध शेवटी जायचं आहे तेच भांडं काट्यावर ठेवा, शून्य करा आणि त्यातच ओता. जगातून भांड्यात ओतलं की जगाच्या कडांना थोडं दूध चिकटून राहतं. पाणी चटकन निथळतं, दूध तसं निथळत नाही.

भांडं मोठं किंवा गरम असेल तर उलट रीत वापरा, मला तीच सगळ्यात सोयीची वाटते. दुधाची पिशवी किंवा बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून अंदाजाने दूध ओता आणि परत ठेवा. काटा आता उणे आकडा दाखवेल. उणे २०६ म्हणजे २०० मिली दूध बाहेर गेलं. पिठाच्या मिश्रणात थोडं थोडं दूध घालत जायचं असेल तेव्हा ही रीत फार उपयोगी पडते, कारण किती दूध पडलं हे प्रत्येक टप्प्यावर कळतं.

शेवटचे थेंब घालताना सावध राहा. पुष्कळ काटे अगदी सावकाश पडणाऱ्या थेंबांची दखलच घेत नाहीत. बारीक बदल म्हणजे काट्याची हालचाल असं समजून ते आकडा होता तिथेच धरून ठेवतात. शंका आली तर भांडं उचलून परत ठेवा, खरा आकडा दिसेल.

काही काट्यांवर ‘मिली’चं बटण असतं. ते पाण्याचं मिली आहे की दुधाचं, हे बघून घ्या. दुधासाठी वेगळं चिन्ह नसेल तर तो काटा ग्रॅमलाच मिली म्हणून दाखवत असतो. तपासायला १०३ ग्रॅम दूध ठेवून बटण दाबा: १०० दिसलं तर दुधाचं, १०३ दिसलं तर पाण्याचं.

गरम दुधाचा हिशोब वेगळा

फ्रिजमधून काढलेल्या दुधाची घनता १.०३ पेक्षा किंचित जास्त असते. दूध तापलं की फुगतं, म्हणजे वजन तेच राहतं आणि आकारमान वाढतं. ८० अंश सेल्सियसच्या सुमारास घनता १.०० वर येते. थोडक्यात, वाफाळतं ५०० मिली दूध ५०० ग्रॅमच भरतं आणि गार असताना तेच माप ५१५ ग्रॅम भरतं. मिली म्हणजेच ग्रॅम हे दुधाच्या बाबतीत खरं होतं ते फक्त इथे.

म्हणून कृतीत ‘५०० मिली गरम दूध’ असेल तर गार दूध मापून मग तापवा. पण भांडं आचेवर बराच वेळ राहिलं तर पाणी उडून जातं. उकळून गार केलेलं दूध निरश्या दुधाएवढं भरत नाही, शिवाय साय काढली तर तीही गेली. अचूक माप हवं असेल तर तापवल्यावर पुन्हा तोला आणि कमी भरेल तेवढं दूध घाला.

फेसाचंही असंच. ढवळलेल्या किंवा उंचावरून ओतलेल्या दुधावर फेस येतो आणि जगाची रेघ कुठे धरायची ते कळत नाही. काट्याला फेसाने काही फरक पडत नाही.

३ टक्के कुठे जाणवतात

चहा-कॉफीत, सूपमध्ये, पांढऱ्या सॉसमध्ये हा फरक सोडून द्या. सॉस घट्ट वाटला तर आपण आणखी दूध घालतोच. पावाच्या कणकेत, कस्टर्डमध्ये आणि पातळ मिश्रणाच्या केकमध्ये तो जाणवतो. मुख्य म्हणजे कृतीचं प्रमाण तिप्पट-चौपट करताना जाणवतो, कारण चूकही तेवढ्याच पटीने वाढते. दोन लिटरला ६० ग्रॅम म्हणजे चार टेबलस्पून दूध झालं.

पाव करताना आणखी एक गोष्ट हिशोबात घ्यावी लागते. पाण्याऐवजी दूध वापरायचं असेल तर ग्रॅमला ग्रॅम बदलून चालत नाही, कारण दुधात पाणी ८७ टक्केच. समजा ५०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम पाणी लागतं. ३०० ग्रॅम दूध घातलं तर त्यातलं पाणी जेमतेम २६० ग्रॅम, आणि कणीक घट्ट होते. दर १०० ग्रॅम पाण्यामागे ११५ ग्रॅम दूध हे गणित धरलं तर इथे ३४५ ग्रॅम दूध लागेल, म्हणजे ३३५ मिली. मी सुरुवातीला ३३० ग्रॅमच घालते आणि उरलेलं १५ ग्रॅम कणकेचा हाताला अंदाज आल्यावर, कारण दुधातला स्निग्धांशही कणीक मऊ करतो.

दूध आटवताना

‘निम्मं होईपर्यंत आटवा’ ही सूचना डोळ्यांनी पाळायला फार अवघड. वर रुंद होत जाणाऱ्या भांड्यात निम्म्या उंचीवर दूध निम्म्यापेक्षा कमीच असतं. काट्यावर हे काम सोपं होतं.

आधी रिकामं भांडं कालथ्यासकट तोलून आकडा लिहून ठेवा. समजा ६४० ग्रॅम. त्यात एक लिटर, म्हणजे १०३० ग्रॅम दूध. आता एकूण १६७०. दूध वजनाने निम्मं हवं असेल तर ५१५ ग्रॅम उरायला हवं, म्हणजे भांड्यासकट ११५५. अधूनमधून भांडं उतरवून काट्यावर ठेवा. काट्यावर जाड लाकडी पाट ठेवून आधी शून्य केलेलं असू द्या, नाहीतर उष्णतेने काटा खराब होतो.

आटलेलं दूध मुळापेक्षा जड असतं. निम्म्यावर आटलेल्या दुधाची घनता गार झाल्यावर १.०६ च्या पुढे जाते. म्हणून वजनाने निम्मं, ५१५ ग्रॅम, झालं की ते मापाने सुमारे ४८५ मिली भरतं. कृतीला मापाने निम्मं, म्हणजे ५०० मिली हवं असेल तर ५३० ग्रॅमवर आच बंद करा.

१.०३ जिथे चालत नाही

३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम जवळजवळ पाण्याएवढंच भरतं. २५० मिली म्हणजे २५० ग्रॅम, आकडेमोड नको. २० टक्क्यांच्या पातळ क्रीमची घनता १.०१. फेटलेलं क्रीम मात्र कधीही मापाने घेऊ नका, त्यात निम्म्याच्या आसपास हवा असते. न फेटता तोला आणि मग फेटा.

कंडेन्स्ड मिल्क साखरेमुळे फार जड, घनता १.३. ४०० ग्रॅमच्या डब्यात ते साधारण ३०८ मिली असतं. ‘एक कप कंडेन्स्ड मिल्क’ म्हणजे अमेरिकी कपाने ३०६ ग्रॅम. इथे मिलीला ग्रॅम धरलं तर चूक ३० टक्क्यांची होते. बिनसाखरेचं आटवलेलं डब्यातलं दूध १.०६५, म्हणजे २५० मिलीचे २६६ ग्रॅम. घोटलेलं दही आणि ताक दुधाच्याच जवळपास.

दूध पावडरीला तर ठराविक आकडाच नाही. झटकन विरघळणारी दाणेदार स्निग्धांशविरहित पावडर अमेरिकी कपात ६८ ग्रॅम मावते, आणि साईसकट दुधाची बारीक पावडर त्याच कपात १२८ ग्रॅम. पावडर तोलायचीच. साईसकट पावडरीचं अर्धा लिटर दूध करायचं असेल तर ६५ ग्रॅम पावडर काट्यावर घ्या आणि एकूण वजन ५१५ होईपर्यंत कोमट पाणी घाला, ते ४५० ग्रॅम लागेल. अर्धा लिटर पाण्यात पावडर टाकली तर दूध अर्धा लिटरपेक्षा जास्त होतं आणि पातळही. पाकिटावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा.

सोया दूध १.०२ ते १.०३ मध्ये बसतं. बदामाचं, ओटचं किंवा आणखी कशाचं दूध असेल तर त्यात पाणी, साखर आणि तेल किती हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून तिथे छापील तक्त्यावर विसंबू नका. तपासलेल्या जगात बरोबर ५०० मिली घ्या, तोला, आलेल्या ग्रॅमना ५०० ने भागा. ५०८ ग्रॅम भरले तर तुमचा आकडा १.०१६. डबा उघडला त्याच दिवशी झाकणावर पेनाने तो लिहून ठेवा.